कूलंटमध्ये कोणतं पाणी? बोअर, नळ, आरओ की बॅटरीचं? (नागपूर)

मानेवाडा_डिझेल
मॅन्युअलप्रमाणे कूलिंग सिस्टिम 6 लिटरची आहे. कूलंटचं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) 3 लिटर आणलंय. घरी बोअर, पेंच धरणाच्या पाण्याचा नळ आणि आरओ, तिन्ही आहेत. गॅरेजवाला म्हणतो, बोअरचं टाका, काही होत नाही. एप्रिलच्या आत काम उरकायचंय.

पाना_बारा
बोअरचं तर अजिबात नको भाऊ. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर सिलिंडर हेडमधल्या पाण्याच्या वाटांत बसतो. त्यातून उष्णता बाहेर पडत नाही. तापमानाचा काटा मधोमध दिसतो अन् एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळचा धातू मात्र तापत राहतो. शिवाय बऱ्याच जपानी-कोरियन गाड्यांच्या कूलंटमध्ये फॉस्फेट असतं. कॅल्शियमशी गाठ पडली की त्याचा गाळ होतो, म्हणजे गंज रोखणारं रसायनच कमी होतं.

नळाच्या पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यावर दाट होतं. सॉफ्टनरनंही जात नाही. घरच्या आरओत चवीसाठी कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू असतो, त्यामुळे ते रस्त्यात अडलात तरच.

बॅटरीत टाकायचं डीमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड पाणी आणा, सीलबंद कॅनमधलं. सुटं भरून देतात ते नको. त्याच दुकानात तसल्याच कॅनमध्ये ॲसिडही असतं! टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजायच्या मीटरवर आकडा 10 च्या आत यायला हवा.

मानेवाडा_डिझेल
एसीच्या पाइपातून गळतं ते? अन् इथं बर्फ थोडीच पडतो, मग कूलंट 25 टक्केच ठेवलं तर?

पाना_बारा
एसीचं नको, कॉइलवरची धूळ आणि धातू सोबत येतात. 25 टक्क्यांत गंजरोधक अपुरं पडतं. 50 टक्क्यांचं मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं, झाकणाच्या दाबाखाली त्याहून बरंच वर. 60 च्या पुढेही जाऊ नका, ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

हिंगणा_रोड
एक गोष्ट राहिली. ड्रेन केल्यावर सहाच्या सहा लिटर बाहेर येत नाहीत, दीड-दोन लिटर इंजिनच्या ब्लॉकमध्ये उरतात, आणि धुऊन झाल्यावर ते नुसतं पाणीच असतं. म्हणून आधी 50:50 कालवून ओतू नका, पातळ होईल. रेडीमिक्सचंही (आधीच पाणी मिसळून मिळणाऱ्या कूलंटचं) तेच होतं.

इंजिन पूर्ण गार असतानाच झाकण उघडा. हीटर फुल गरमवर. जुनं काढा, पाणी भरा, रेडिएटरचा वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवा (म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट देणारा व्हॉल्व्ह, उघडला), गार होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. सुरुवातीचे फेरे नळाच्या पाण्यानं चालतील, शेवटचे दोन डीएमनं (डीमिनरलाइज्ड पाण्यानं) करा, म्हणजे आत उरेल तेही डीएमच. मग 3 लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, वर डीएम पाणी. ब्लीड स्क्रू (आतली हवा काढायचा) असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. 5 लिटरचे तीन-चार कॅन लागतील, दोनात भागणार नाही.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर कूलंटच्या टाकीची पातळी बघा, हवा निघाली की ती खाली येतेच. टॉप-अपसाठी अर्धा लिटर मिश्रण डिकीत ठेवा.