जपानी वुडब्लॉक प्रिंटमधलं झाड बोन्साय आहे की मोठं झाड, ओळखायचं कसं?

कुंडीकर:
मंडळी, मी बोन्साय करणारा माणूस, चित्रकलेतलं मला फार कळत नाही. पण हल्ली जपानी वुडब्लॉक प्रिंट (लाकडी ठोकळे कोरून छापलेली चित्रं) बघायचा नाद लागलाय आणि 'बोन्साय प्रिंट' म्हणून शोधलं की होशी जोइची या चित्रकाराची झाडं सारखी समोर येतात, सोनेरी पार्श्वभूमी, एकच झाड, इतक्या बारीक फांद्या की बघतच राहावं. विकणारे बिनधास्त 'बोन्साय' लिहितात. पण मला कुंडी काही दिसत नाही! हे खरंच बोन्साय आहेत का? आणि दुसरं, हासुइ, योशिदा वगैरे शिन-हांगावाल्यांकडे (विसाव्या शतकातली 'नवी प्रिंट' चळवळ) देवळं, बर्फ, पाऊस, पूल सगळं आहे, मग कुंडीतलं झाड इतकं कमी का?

शाईचे_डाग:
नाहीत. 'बोन' म्हणजे तबक किंवा उथळ कुंडी आणि 'साइ' म्हणजे लावलेलं झाड, त्यामुळे कुंडी नसेल तर निदान शब्दाप्रमाणे तरी ते बोन्साय नाही. होशी (१९१३–१९७९) आधी तारे, नक्षत्रं असले विषय करायचा, झाडांकडे तो नंतर वळला, आणि ती मोकळ्यावरची पूर्ण वाढलेली झाडं आहेत. नामिकी हाजिमे या प्रिंटवाल्याची 'ट्री सीन' मालिका बघितली असशील तर तिथेही हाच घोळ होतो.

पण तुझा गोंधळ अगदीच चुकीचा नाहीये हं. बोन्साय करणारा काय करतो, हातभर झाड असं वळवतो की ते माळावरचं जुनं झाड वाटावं. आणि हे प्रिंटवाले माळावरचं झाड घेऊन आजूबाजूचं सगळं काढून टाकतात, माणूस नाही, घर नाही, मोजायला काहीच नाही. मग ते आपोआप लहान वाटायला लागतं. दोघं उलट्या टोकांनी निघून एकाच जागी पोचतात.

कुंडीकर:
हे भारी सांगितलंस. पण कुंडी म्हणजेच बोन्साय असं नको म्हणू, कुंडीतली शेवंतीही मग बोन्साय होईल 😄 आम्ही आधी बुंधा बघतो, मुळं मातीवर कशी पसरलीत ते बघतो, 'जिन' म्हणजे मुद्दाम वाळवून सोललेली फांदी आहे का ते बघतो. अर्थात खऱ्या डोंगरावरच्या जुन्या झाडालाही हे सगळं असतंच, म्हणजे परत तिथेच आलो.

जुनी_पानं:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कुंडीतली झाडं एदो काळातल्या (१६०३–१८६८) प्रिंटमध्ये ढिगाने सापडतात, तेव्हा त्यांना 'हाची-नो-कि' म्हणायचे, सरळ अर्थ कुंडीतलं झाड. रोपं विकणारा, नवीन वर्षाला घरात ठेवलेला फुललेला उमे (जपानी प्लम), बाई झाडाकडे बघतेय, असली चित्रं. 'हाची नो कि' नावाचं 'नो' (जपानी पारंपरिक नाट्यप्रकार) नाटकच आहे, त्यात गरीब सामुराई बर्फात अडकलेल्या पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून आपली जपलेली उमे, चेरी आणि पाइनची झाडं जाळतो, तो प्रसंगही छापला गेलाय. आणि १८४८ ची योशिशिगे या चित्रकाराची एक मालिका तर तुला आवडेलच, एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो जाणाऱ्या तोकाइदो रस्त्याचे ५३ मुक्काम, पण प्रत्येक मुक्काम म्हणजे कुंडीत उभारलेला छोटा देखावा!

म्हणजे तेव्हाच्या प्रिंटचा विषयच शहरातलं रोजचं जगणं होता, त्यात कुंडी येणारच. शिन-हांगाचा प्रकाशक वातानाबे शोझाबुरो, त्याच्या गिऱ्हाइकांत परदेशी लोक बरेच, त्यांना निसर्ग, सुंदर बायका, पक्षी-फुलं हवी होती. कुंडी आलीच तर कोपऱ्यात, मुख्य पात्र नाही. निदान मला तरी हेच कारण पटतं.

एक गंमत मात्र सांगतो (गंमत म्हणणं बरोबर नाही खरं तर). १९२३ च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे छापायचे ठोकळे जळले आणि हासुइच्या स्केचबुक गेल्या, म्हणून भूकंपाआधीचे प्रिंट आज दुर्मिळ आहेत. त्याच भूकंपानंतर तोक्योचे बोन्सायवाले जागा शोधत तोक्योच्या उत्तरेला ओमियाला गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्साय गाव वसलं. तिथल्या बोन्साय म्युझियमकडे आता झाडांबरोबर अशी जुनी प्रिंटही आहेत, सुरुवात तिथूनच कर.

करवतकाडी:
मी हौशी ठोकळे कोरतो म्हणून थोडं कामातलं. पाइनची सुई कोरणं म्हणजे डोकेदुखी, कारण रेघ कोरायची नसते, रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं असतं, सुरी जरा घसरली की सुई गेली आणि ती परत चिकटवता येत नाही. जुने कारागीर त्यासाठी चेरीचं लाकूड वापरायचे, घट्ट असतं. मग साधारण प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा आणि कागद दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून 'केंतो' नावाच्या खुणा. योशिदा हिरोशीच्या योमेइमोन या देवळाच्या दरवाजाच्या प्रिंटला (१९३७) ९६ वेळा छाप मारलाय म्हणतात, आता बोला!

कुंडी असेल तर तिच्याकडे नीट बघ, गडद रंग हळूहळू फिका होत गेलेला असेल तर तो 'बोकाशी', म्हणजे ठोकळ्यावरच ओल्या ब्रशने रंग पातळ करत नेतात. आणि तू बोन्सायवाला म्हणून सांगतो, झाडाची 'समोरची बाजू' तपासताना फोटो आरशातल्यासारखा उलटा नाही ना ते आधी बघ. लोक स्कॅन उलटे टाकतात आणि झाड डावीकडे झुकायचं ते उजवीकडे झुकतं. सही वाचून कळेल.

कुंडीकर:
सही वाचता येत नाही पण शिक्का उलटा आहे की सुलटा एवढं जमेल 😅

आत्ताच होशीचा तो प्रिंट परत मोठा करून बघितला. खाली एक पातळ आडवी रेघ आहे, ती मी इतके दिवस कुंडीची कड समजत होतो. क्षितिज आहे ते.