मदत हवी आहे: साध्या उजेडातल्या फोटोत काळ्या डोळ्याची आयरिस सापडत नाही

नमस्कार मंडळी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट दोन आठवडे एकाच जागी अडकलाय म्हणून धागा काढतेय.

पोर्तुगालच्या बेइरा इंटिरियर विद्यापीठाने नाइस नावाची स्पर्धा घेतली होती, खराब फोटोंतून आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचं रंगीत वर्तुळ, ओळखण्याची. पहिल्या फेरीत आयरिस फक्त कापून वेगळी करायची, दुसऱ्या फेरीत ओळख पटवायची. फोटो त्यांच्याच यूबायरिस व्ही २ या डोळ्यांच्या फोटोंच्या संग्रहातले, २६१ माणसं, ११,१०२ फोटो, तेही ४ ते ८ मीटरवरून, चालत्या माणसाचे. आधारला कसं, मशीन डोळ्यासमोर, इन्फ्रारेड लाइट, हलू नका म्हणतात. इथे तसलं काहीच नाही, डोळा अर्धा मिटलेला, केस आडवे आलेले, चष्म्यावर चमक, आणि म्हणूनच मला हा विषय घ्यायचा होता.

पहिल्या फेरीचे मास्कसकट (मास्क म्हणजे फोटोतले कुठले पिक्सेल आयरिसचे ते दाखवणारं चित्र) ५०० फोटो घेऊन मॉडेल ट्रेन केलं. हलक्या रंगाच्या डोळ्यांवर झकास चालतं. मग घरी आईचे फोटो काढले, खिडकीजवळ, तर डोळ्यात खिडकीचे गज स्पष्ट दिसतायत, खाली काजळ, आणि बाहुली कुठे संपते नि आयरिस कुठे सुरू होते ते मलाच झूम करून कळेना! मॉडेलने काजळालाच आयरिस ठरवलं.

दुसरं म्हणजे स्पर्धेत नंबर लावले ते ई-वन वर, म्हणजे आपला मास्क आणि हाताने केलेला मास्क किती पिक्सेलमध्ये जुळत नाहीत त्याचं प्रमाण. पण फोटोत आयरिस असते एवढीशी, त्यामुळे पूर्ण कोरा मास्क दिला तरी आकडा वाईट दिसत नाही. मी त्याच आकड्यावर खूश होते. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे काळेभोर, त्यांच्यावर चाललं नाही तर मला हा प्रोजेक्ट पूर्ण झाला असं वाटणारच नाही. कुणी यावर काम केलंय का, कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद:
ई-टू पण काढा, तोही त्याच स्पर्धेतला आहे. चुकून घेतलेलं आणि चुकून सोडलेलं या दोन्ही दरांची सरासरी, कोऱ्या मास्कला सरळ ०.५ येतो, लपायला जागा नाही. आणि बाहुलीपासून सुरुवात करू नका, ती सवय इन्फ्रारेडची. साध्या उजेडात काळ्या डोळ्याची बाहेरची कड, पांढऱ्या भागाला लागून असते ती, सगळ्यात ठळक मिळते, ती आधी धरा मग आत शिरा. फोटोचा फक्त लाल चॅनेल घेऊन बघा, डोळ्याला काळा रंग देणारं मेलॅनिन लाल उजेड निळ्यापेक्षा कमी शोषतं, थोडं तरी टेक्श्चर वर येतं. गजांची चमक आधी बुजवून घ्या.

धागाकर्ती:
खूप खूप धन्यवाद! लाल चॅनेलमध्ये आईच्या उजव्या डोळ्याची बाहुली अंधुक का होईना, दिसली. डाव्यात गज बरोबर बाहुलीवरच आलेत, तो फोटो उद्या सकाळी खिडकीकडे पाठ करून परत काढते आणि दोन्हींचे ई-टू इथे टाकते.