हातकागदाची ओरिगामी: घडीवर कागद फुटतोय, कुठला वापरू?

सागरगोटा: नमस्कार मंडळी, मी गुहागरची. यंदा गणपतीच्या मखराला थर्माकोल नको म्हणून हातकागदाची कमळं आणि बगळे करायचं मनात आहे. पुण्याहून कागद आणला, इतका देखणा की कापायला जीव होईना, पण बगळ्याची चोच दुमडायला गेलं की टोकाशी फुटतो आणि आतले तंतू बाहेर येतात. तीन वाया गेले. परसात केळी भरपूर आहेत, त्यांचा कागद घरी केला तर घड्या झेपतील का? कोणी केलंय?

कातळसडा: ताई, कागद वाईट नाहीये, काम वेगळं आहे. तो सुती चिंध्यांचा, तंतू आखूड आणि जाडही असतो, चोचीत थरावर थर येतात तिथे पातळ, लांब तंतूचाच हवा. जपानी लोक तुतीच्या कुळातल्या कोझोची साल घेतात ती याचसाठी. तुमचा कागद कमळांना वापरा, पण ओल्या फडक्याने जरासा दमट करून दुमडा आणि आकार धरूनच वाळू द्या. ही जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावांची (१९११-२००५) पद्धत, जाड कागदाला हीच बरी.

केळीचा नक्की जमतो, मी दोन वर्षं करतोय. घड उतरवल्यावर खोड कापतोच आपण, त्याची सोपटं घ्या, इंचभर तुकडे करून धुण्याच्या सोड्यात उकळा. पातेलं स्टीलचंच, अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो, हातात मोजे घाला. चिमटीत ओढल्यावर तंतू आपसूक सुटला की झालं. मग पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं आणि लाकडी दांडक्याने कुटायचं, मिक्सर नको, पाती तंतू तोडतात आणि तिथेच सगळी मेहनत जाते. चाळणीवर धरण्याआधी पाण्यात भेंडीचा बुळबुळीत रस घाला, तंतू गोळा न होता सावकाश पसरतात. जपानात यासाठी तोरोरो-आओईचं मूळ वापरतात, ती भेंडीचीच बहीण!

माडाचीसावली: एक सांगते, आपल्याकडच्या पावसाळी हवेत घड्या हळूहळू उघडतात, माझी अख्खी माळ श्रावणात सैल पडली होती. कागदाला आधी मिथाइल सेल्युलोजचा (पाण्यात कालवायची डिंकासारखी पूड) पातळ हात द्या, पूर्ण वाळवून मग दुमडा. भाताची खळ लावू नका, कसर लागते. आणि झालेले बगळे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, मखरात आदल्या रात्रीच लावा.

सागरगोटा: खूप आभार दोघांचे! मागच्या दाराशी कालच एक खोड पाडलंय, सोपटं आजच सोलते. दादा, चाळणीला मच्छरदाणीची जाळी चालेल का?

कातळसडा: चालेल, फक्त चौकटीवर ताणून ठोका, झोळ पडला की मधे कागद जाड होतो.