ग्रामसभेचा निर्णय व्हॉट्सॲप ग्रुपवर: चालेल का?

वाडीकर:
आमच्या गावात यंदा पाणीपट्टी वाढली ती व्हॉट्सॲप ग्रुपवर. सरपंचांनी रात्री दहाला मेसेज टाकला, 'हरकत असल्यास सकाळपर्यंत कळवावे.' सकाळी चाळीसेक अंगठे, हरकत एकही नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत 'विषय आधीच सर्वानुमते ठरलाय' म्हणून दोन मिनिटांत उरकला. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना वाढ कळली ती पावती हातात पडल्यावर. कायद्यात ग्रामसभा आहे, ग्रुप नाही. अंगठा टाकणं म्हणजे सभेत हात वर करणं नव्हे. हे बंद झालं पाहिजे.

नोकरीला पुण्यात:
वाडीकर, आधी तरी ग्रामसभा भरत होती का? गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी कमी ती. तीही व्हायची नाही. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. पारावर बसलेली दहा-पंधरा माणसं ठराव करायची, शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार सह्या गोळा करायचा. माझ्या आईने चुलीपुढून उठून, ओला हात पदराला पुसून अशी सही केलेली मी पाहिलीय. ठराव कसला ते तिला कुणी सांगितलं नाही.
आज मी हडपसरला बसून ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर पंचायतीचा खर्च बघतो. मागे एका गटाराचं बिल निघालेलं दिसलं, गटार जागेवर नव्हतं. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि आठवड्यात जेसीबी आला. पूर्वी एवढ्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून ३० दिवस वाट बघावी लागली असती.

माळावरची:
दादा, तुमचा स्क्रीनशॉट चालला, कारण तुम्ही गावात राहत नाही. आमच्याकडे ग्रुपमध्ये घरटी एक नंबर, तोही नवऱ्याचा. शाळेत मुलींच्या संडासाला पाणी नाही, एवढंच मी नवऱ्याच्या फोनवरून लिहिलं. तासाभरात सासऱ्यांना फोन, 'सुनेला आवरा.' तेच मी महिला ग्रामसभेत बोलले तेव्हा शेजारी दहा बायका उभ्या राहिल्या, आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना ते इतिवृत्तात लिहावं लागलं. पुढे नळ आला.

नोकरीला पुण्यात:
ताई, तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. पण त्यासाठी ग्रुप बंद करा म्हणाल तर आमच्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना गावाचं काही कळणारच नाही. मतदार तर आम्हीही आहोत.

वाडीकर:
बातमी कळवायला ग्रुप खुशाल असू द्या, माझी तक्रार ठरवण्याबद्दल आहे. आणि उद्या सरपंचांनी 'फक्त ॲडमिन लिहू शकतात' केलं, तर तुमचा पुढचा स्क्रीनशॉट कुठे टाकणार? ग्रामसभेत कुणाला असं म्यूट करता येत नाही.

माळावरची:
वाडीकर, २ ऑक्टोबरच्या सभेसाठी पाणीपट्टीचा विषय आत्ताच लेखी द्या आणि पोच घ्या. त्याआधी महिलांची सभा होईल, तिथे बायकांनाही मांडायला सांगा. आणि पुणेकर दादा, त्या दिवशी सुट्टी आहे, गावी या.