मध्य आशियाचं तेल-गॅस नक्की कुणाच्या हातात आहे? आणि आपण त्यात कुठं?

खानापूरचा_विद्यार्थी:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, सध्या बेळगावात रूम घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करायलोय. मध्य आशिया आला की माझं गाडं अडतंय. नोट्समध्ये सगळं आहे, कझाकस्तानकडं तेल आणि युरेनियम, तुर्कमेनिस्तानकडं गॅस, आणि रशिया चीन अमेरिका तिघंही टपून बसलेत. पण ज्यांच्या जमिनीत हे सगळं आहे त्यांनाच आपल्या मालाचा भाव का ठरवता येत नाही हे कुणी सांगतच नाही. आणि दिल्लीहून ताश्कंद चेन्नईपेक्षा जवळ आहे, तरी तिथला गॅस आपल्याकडं का येत नाही? तापी पाइपलाइनचं, म्हणजे तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत या गॅसच्या नळीचं काय झालं? अजून एक, आपल्या कारवारकडच्या कैगाच्या अणुभट्ट्या कझाकस्तानच्या युरेनियमवर चालतात असं ऐकलं, खरं काय? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल.

चिकोडीचा_ऊसवाला:
भावा, साठे किती ते पाठ करून उपयोग नाही, माल बाहेर पडायची वाट कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघ. आमच्याकडं ऊस शेतात उभा असतो पण टोळी आणि कारखाना ज्याचा, त्याच्या म्हणण्यानं चालावं लागतं, आणि सीमेवर असल्यामुळं इकडचा कारखाना नाही तर पलीकडचा असा पर्याय असला तरच दराचं बोलता येतं. कझाकस्तान गेली तीस वर्षं तो दुसरा कारखाना शोधायलंय.

आता बघ, कझाकस्तानातलं तेंगिझचं तेलक्षेत्र. १९९३ ला शेव्हरॉनशी करार झाला, आजही त्यांचा हिस्सा ५० टक्के. म्हणजे तेल काढणार अमेरिकन कंपनी. पण ते जातं कुठनं, तर सीपीसी (कॅस्पियन पाइपलाइन कन्सॉर्शियम) पाइपलाइनमधनं, साधारण १५०० किलोमीटर, रशियाच्या जमिनीवरनं काळ्या समुद्राकाठच्या नोव्होरोसिस्क बंदरापर्यंत. २००१ ला सुरू झाली आणि आज कझाकस्तानच्या निर्यातीतलं ८० टक्क्यांच्या आसपास तेल या एकाच नळीतनं जातं. २०२२ च्या जुलैत त्यांच्या अध्यक्षांनी, टोकायेव यांनी, युरोपला ऊर्जेच्या बाबतीत मदत करायची तयारी दाखवली आणि लगेच रशियातल्या एका कोर्टानं ही पाइपलाइन ३० दिवस बंद ठेवायचा हुकूम काढला, कारण काय तर तेलगळती झाल्यास काय करायचं त्याच्या कागदपत्रांत त्रुटी! वरच्या कोर्टानं नुसत्या दंडावर भागवलं, पण जे समजायचं ते सगळ्यांना समजलं.

रशिया आणि इराण दोन्ही टाळून पश्चिमेकडं जाणारी मोठी तेलवाहिनी एकच, बाकू-तिबिलिसी-जेहान, अझरबैजानातनं तुर्कस्तानच्या किनाऱ्यापर्यंत, २००६ ची. अमेरिकेनं तिच्यासाठी फार जोर लावला होता. पण कझाकस्तानचं तेल तिच्यात घालायचं तर आधी जहाजानं कॅस्पियन समुद्र ओलांडावा लागतो.

गॅसचं तर अजून अवघड, तेल निदान रेल्वेनं नेता येतं. तुर्कमेनिस्तानचा जवळजवळ सगळा गॅस पूर्वी रशियाच्या नळीतनं जायचा. २००९ ला युरोपची मागणी पडली, रशियाच्या सरकारी गॅस कंपनीनं, गॅझप्रॉमनं, उचल एकदम कमी केली आणि एप्रिलमध्ये ती नळी फुटली. तुर्कमेनिस्ताननं उघड गॅझप्रॉमला दोष दिला. महिनोन्महिने विक्री बंद. त्याच डिसेंबरात चीनकडं जाणारी पाइपलाइन सुरू झाली, आता तिच्या तीन लाइन मिळून वर्षाला ५५ अब्ज घनमीटरची क्षमता आहे. चीननं त्याच वर्षी ४ अब्ज डॉलरचं कर्जही दिलं होतं, म्हणजे विहिरीला पैसा त्यांचा आणि गिऱ्हाईक पण तेच. एकाच्या तावडीतनं सुटून दुसऱ्याच्या तावडीत गेलं बघ.

टिळकवाडी_काका:
वरचं सगळं बरोबर आहे पण आपल्या देशाचं काय झालं तेही लिहायला पाहिजे. माझी नोकरी तेलक्षेत्रात गेली, त्यामुळं हा विषय निघाला की अजून पोटात तुटतं.

२००५ ला पेट्रोकझाकस्तान कंपनी विकायला निघाली, ओएनजीसी आणि मित्तल एकत्र उतरले होते, शेवटी चीनच्या सरकारी तेल कंपनीनं, सीएनपीसीनं, ४.१८ अब्ज डॉलरला नेली. मग कझाकस्तानचंच काशागान. २००० साली सापडलेलं प्रचंड मोठं क्षेत्र, उत्तर कॅस्पियनमध्ये, हिवाळ्यात तिथला समुद्र गोठतो, आणि तेलाबरोबर इतका विषारी हायड्रोजन सल्फाइड येतो की २०१३ ला उत्पादन सुरू होऊन काही आठवड्यांत पाइपांना तडे गेले आणि २०१६ पर्यंत सगळं ठप्प. त्यातला कोनोकोफिलिप्सचा ८.४ टक्के हिस्सा घ्यायचा करार ओएनजीसी विदेशनं (ओएनजीसीची परदेशातलं काम बघणारी कंपनी) २०१२ च्या नोव्हेंबरात केला, सुमारे ५ अब्ज डॉलर. जुलै २०१३ मध्ये कझाक सरकारनं आपला पहिल्या खरेदीचा हक्क वापरून तो हिस्सा स्वतःकडं घेतला आणि सप्टेंबरात शी जिनपिंग कझाक राजधानी अस्तानाला आले तेव्हा जवळजवळ तेवढाच चीनला दिला. सिल्क रोडच्या आर्थिक पट्ट्याची घोषणाही त्यांनी त्याच दौऱ्यात केली. आपण पैसे घेऊन दारात उभे होतो ओ, पण चीनकडं पैशाबरोबर पाइपलाइन होती, कर्ज होतं, शेजार होता.

कैगाबद्दल: नाही. कैगाचे चारही युनिट आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली नाहीत, तिथं देशातलंच युरेनियम जातं. आयात इंधन वापरता येतं ते देखरेखीखालच्या भट्ट्यांत, म्हणजे रावतभाटा, काक्रापार, नरोरा अशा ठिकाणी. पण कझाक युरेनियमचं महत्त्व त्यानं कमी होत नाही, जगातलं ४० टक्क्यांच्या आसपास युरेनियम तो एक देश काढतो. २०१५ ला पंतप्रधान तिथं गेले तेव्हा २०१९ पर्यंत ५००० टन द्यायचा करार झाला. आपल्या पदरात खरोखर पडलेली मोठी गोष्ट ती, कारण त्याला पाइपलाइन लागत नाही.

उद्यमबाग_वर्कशॉप:
काका, आदर ठेवून विचारतो, काशागान मिळालं असतं तरी ते तेल बेळगावच्या पंपावर कसं येणार होतं? मधे पाकिस्तान, अफगाणिस्तान. आमचा हीट ट्रीटमेंटचा धंदा आहे, गॅसचा दर वाढला की पहिला मार आम्हाला, म्हणून मी या गोष्टी बघत असतो. दाभोळ-बेंगळुरू पाइपलाइन आपल्याच जिल्ह्यातनं गेलीय, गोकाक भागात शेताच्या बांधावर तिचे मार्कर बघितले असतील, खाली नळी आहे, खोदू नका म्हणून. त्या नळीच्या दाभोळच्या टोकाला २०१८ च्या मार्चमध्ये ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीच्या करारातला अमेरिकेचा पहिला एलएनजी उतरला. अर्धी पृथ्वी ओलांडून, अतिशय थंड करून द्रवरूप केलेला गॅस आपल्याला परवडतो आणि तुर्कमेनिस्तानचा मिळत नाही. तापीचं भूमिपूजन डिसेंबर २०१५ ला झालं, आपले उपराष्ट्रपती अन्सारी गेले होते. तुर्कमेनिस्तानातल्या गल्किनिश गॅसक्षेत्रापासून पंजाबातल्या फाजिल्कापर्यंत १८१४ किलोमीटर, वर्षाला ३३ अब्ज घनमीटर. सप्टेंबर २०२४ ला अफगाण हद्दीतलं काम तालिबान सरकारबरोबर सुरू झालं, तेही हेरातच्या बाजूला, म्हणजे पहिल्याच टप्प्यात.

टिळकवाडी_काका:
हिश्श्याचं तेल घरी आणावंच लागतं असं नाही हो. अझरबैजानच्या एका क्षेत्रात ओएनजीसी विदेशचा छोटा हिस्सा आहे आणि बाकू-जेहान लाइनमध्येही आहे, ते तेल भूमध्य समुद्राकाठी विकता येतं आणि पैसा आपल्याकडं येतो. दर भडकला की त्या पैशानं थोडा तरी आधार होतो. पण गॅसबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य, गॅसला नळीच पाहिजे.

शहापूर_ताई:
तुम्ही सगळे कंपन्या आणि देश बोलायलाय, तिथल्या माणसांचं पण लिहा. माझा भाचा किर्गिझस्तानात बिश्केकला एमबीबीएसला होता. २५ जानेवारी २०२२ ला विजेचं ग्रीड कोसळलं तेव्हा अल्माटी, बिश्केक, ताश्कंद तिन्ही शहरांत एकदम अंधार, ताश्कंदची मेट्रो बंद पडली. हॉस्टेलची पोरं दोन-दोन स्वेटर घालून एका खोलीत, मोबाइलची बॅटरी वाचवायची म्हणून ह्यानं आईला फक्त "बरा आहे" एवढाच मेसेज टाकला आणि फोन बंद, इकडं आमच्या वन्संचा जीव टांगणीला. पुढच्या हिवाळ्यात ताश्कंदात ऐन कडाक्यात गॅस नाही. ज्या देशांच्या जमिनीत एवढा गॅस त्यांच्याच लोकांनी थंडीत कुडकुडायचं, आणि नळ्या मात्र चीनकडं भरून वाहायच्या, हे मला पटत नाही. किर्गिझस्तानकडं तर तेल-गॅस नावालाच, बरीचशी वीज एका तोक्तोगुल धरणावर, पाणी कमी झालं की लाइट गेलीच.

खानापूरचा_विद्यार्थी:
सगळ्यांचे आभार, ताईंनी लिहिलेलं तर कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. एकच राहिलं, मग रशियाची पकड आता सुटली म्हणायची काय? युक्रेनमध्ये अडकलाय ना तो.

चिकोडीचा_ऊसवाला:
नाही भावा, तसं लिहू नको. ताई म्हणतात त्या हिवाळ्यानंतर उझबेकिस्ताननं ऑक्टोबर २०२३ पासून रशियाकडनंच गॅस घ्यायला सुरुवात केली, आणि तोही त्याच जुन्या सोव्हिएत नळीतनं, पूर्वी ती उत्तरेकडं वाहायची आता उलटी दक्षिणेकडं. युरोपचं गिऱ्हाईक गेल्यावर रशियाला पण कुठंतरी विकायचंच होतं. आणि कझाकस्तानात ऑक्टोबर २०२४ ला अणुवीज केंद्रावर जनमत घेतलं, ७१ टक्के लोक हो म्हणाले, जून २०२५ मध्ये बल्खाश सरोवराकाठच्या उल्केनच्या प्रकल्पाचं नेतृत्व रशियाच्या सरकारी अणुकंपनीला, रोसाटॉमला दिलं. त्याच वेळी दुसऱ्या केंद्रासाठी चीनच्या सीएनएनसी या अणुकंपनीचं नाव पुढं केलं. तेल काढायला अमेरिका, नळी रशियाची, गॅसला गिऱ्हाईक चीन, अणुभट्टी एक ह्याला एक त्याला. कुणालाच पूर्ण नाही म्हणायचं नाही आणि कुणालाच सगळं द्यायचं नाही, त्यांचं परराष्ट्र धोरण यावरच उभं आहे. पेपरला तेंगिझ, सीपीसी आणि उल्केन ही तीन उदाहरणं शेजारी शेजारी घाल, आणि तापीवर वेगळा परिच्छेद कर.