मदत हवी आहे: सूर्यफुलं कापलीत, ढिगाचं काय करू?

सुपारीबाग:
चिपळूणजवळ आमचं आगर आहे. मागची जागा भाड्याने दिली होती, तिथली माती खराब झाली. माती शुद्ध होते असं ऐकून तिथे सूर्यफूल, मोहरी लावली, बांधाला वाळा. आता कापून ढीग लागलाय आणि पाऊस तोंडावर आलाय. खत करू का? लवकर सांगा.

आंबेकरी:
खराब म्हणजे कशाने? खारं पाणी की तेल? जागा कुणाला दिली होती? माती तपासलीत का?

वहाळकाठ:
एवढा विचार कशाला? भाजवळीत घाला, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा भाजताना त्यात जाळा. आमच्याकडे शेण, कवळं, पातेरा, सगळं राबाला जातं, तरवा जोमाने येतो. सूर्यफुलाची काडं छान पेटतात. भिजायच्या आत उरका.

खाडीपल्याड:
वहाळकाठ, माती कशाने बिघडली ते कळल्याशिवाय काडी लावायला सांगू नका. धातू असेल तर तो झाडांनी शोषलेला असतो, जळून संपत नाही. थोडा धुरातून जातो, बाकीचा राखेत गोळा होतो. राबाची राख म्हणजे थेट भाताच्या वाफ्यात!

सुपारीबाग:
जुन्या बॅटऱ्या फोडायचे तिथे. तपासणी झालीय, शिसं जास्त आलंय. पण माझा प्रश्न मातीचा नाही, ढिगाचा आहे.

खाडीपल्याड:
मातीत जे आहे त्यावरच ढिगाचं ठरणार, दादा. शिसं असेल तर खत नको, गांडूळखतही नको. पाला कुजून बसतो, शिसं तेवढंच राहतं. गुरांना काडीसुद्धा घालू नका, दुधात उतरतं. आणि शिसं बहुतेक मुळांतच अडतं. मुळं उपटलीत की नुसती वरून कापलीत?

गोठेवाला:
गोबरगॅसमध्ये टाका. गॅसमध्ये शिसं येत नाही.

खाडीपल्याड:
गॅसमध्ये नाही, गॅस झाल्यावर उरणाऱ्या रबडीत, म्हणजे स्लरीत येतं. ती स्लरी माडाच्या आळ्यातच ओतणार ना?

निळा_डोंगर:
अल्बानियात निकेल शोषणारी झाडं लावतात, जाळतात आणि राखेतून निकेल काढून विकतात. कोकणात कुणी केलंय का?

आंबेकरी:
त्यांच्याकडे शिसं आहे, निकेल नाही. ढिगाचं बोला.

वाळेकर:
वाळ्याची मुळं खणून अत्तरवाल्याला द्या. वाफेने तेल काढलं की धातू चोथ्यात राहतो, तेलात जवळजवळ येत नाही.

खाडीपल्याड:
चोथा मग कुठे टाकणार? आणि वाळा आत्ता उपटायचा नाही. त्याची मुळं दोन-तीन मीटर खाली जातात, पावसात तीच बांध धरून ठेवतील. बांध फुटला तर सगळी माती वहाळात.

सुपारीबाग:
मुळं जमिनीतच आहेत. पाऊस पडून जमीन मऊ झाली की उपटली तर चालेल?

खाडीपल्याड:
थांबू नका. पाणी मारून आत्ताच उपटा, हातमोजे घाला, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका. माती तिथेच झटका. काडं आणि मुळं वेगवेगळ्या गोण्यांत भरून पडवीपासून लांब, ताडपत्रीखाली कोरडी ठेवा. दोन्हींचा नमुना तपासा. मुळांत शिसं जास्त निघालं तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा. घातक कचऱ्याचं केंद्र तळोज्याला आहे, तिथे पाठवायची रीत ते सांगतील. आणि एका पिकाने शिसं जात नाही, वर्षानुवर्षं लागतात. तोवर तिथे भाजी नको.

सुपारीबाग:
काडांत कमी निघालं तर चुलीला चालतील?

खाडीपल्याड:
चुलीला अजिबात नको. तो धूर घरातच कोंडतो.

काजूवाली:
वाळ्याची रोपं कुठून आणलीत? मलाही बांधाला लावायचीत.