काकी गेल्यावर त्या दोघांनी गावातच राहावं का?

चाकरमानी४८
कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव. मोठी काकी कार्तिकात गेली. मागे राहिले माझे चुलत भाऊ-बहीण. दादा ५४, ताई ५१, दोघांचीही लग्नं झाली नाहीत. दादा वीसेक वर्षांपूर्वी माडावरून पडला, तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ताईचं आयुष्य काकीची दुखणी काढण्यात गेलं. घरात दरमहा येणारी रोख म्हणजे काकीचे श्रावणबाळ पेन्शनचे १५०० रुपये. ते तिच्याबरोबरच थांबले.

बाराव्याला गेलो होतो तेव्हा ताई पडवीतून खळ्यातही उतरत नव्हती. गेले दोन महिने फोन करतोय, बंद. बोलायचंच नसेल तर काय करणार? वाडीत अकरा घरं, त्यातल्या सात घरांना चवथ सोडली तर कुलूप. माझं मत, काजूच्या बागेतला त्यांचा हिस्सा विकावा, पैसे दोघांच्या नावावर बँकेत ठेवावेत आणि दोघांनी इकडे डोंबिवलीला यावं. तिथे ठेवणं म्हणजे डोळ्यांदेखत खंगू देणं. बायको म्हणाली चार लोकांना विचारा, म्हणून विचारतोय.

खळ्यातली मांजर
डोंबिवलीत कुठे ठेवणार? हॉलमध्ये? दिवसा तुम्ही दोघं कामावर, मुलं क्लासला आणि ही दोघं टीव्हीसमोर. गावात दादा अमक्याचा झील आहे, न्हावी त्याच्याकडून पैसे मागेपर्यंत चार दिवस थांबतो. तुमच्या सोसायटीत वॉचमन विचारेल, "हे कोण बसतात गॅलरीत?" घरची विहीर, परसातली अळूची पानं, कुळथाची पिठी आणि पेज यावर माणूस जगतो. सुखाने जगतो असं नाही म्हणत. पण उपटून नेलेलं जुनं झाड कुंडीत जगत नाही.

रोखठोक
दोन्हीकडून नुसती हळवेपणाची भाषा. काजूचा हंगाम सुरू आहे, वेचायला माणूस मिळत नाही म्हणून बी झाडाखाली पडून राहते, आणि हा ५४ वर्षांचा गडी घरी. उजवा हात वर जात नाही ना? बी खाली वाकून वेचतात, वर हात करून नाही. आईच्या निराधार पैशांवर दोन मोठी माणसं जगली याची लाज कुणालाच वाटत नाही?

सेतूवरची
रोखठोक, काजू मार्च ते मे. उरलेले नऊ महिने? शिवाय ते १५०० रुपये काकीला मिळत होते कारण कुणीतरी एकदा तिला तहसीलला नेलं. या दोघांना कुणी नेलं नाही, एवढाच फरक. मी तालुक्याला अर्ज भरते, रोज हेच बघते. घरातली म्हातारी गेली की नुसती पेन्शनच जात नाही, घराचं सरकारदरबारी असलेलं तोंडच बंद होतं. रेशन कार्ड तिच्या नावे, वीजबिल तिच्या नावे, ओटीपी यायचा तोही तिच्याच फोनवर.

धागाकर्त्यांनी विकायच्या आधी एवढं करावं. संजय गांधी निराधार योजनेत ३५ वर्षांवरची अविवाहित स्त्री बसते. उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१,००० च्या आतला लागतो. म्हणजे ताईचा अर्ज होतो. दादाला ओरोसला, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेऊन अपंगत्व तपासून घ्या. ४० टक्के किंवा वर निघालं तर त्याचाही होतो, आणि दिव्यांगांना आता २५०० आहेत. कार्ड अंत्योदयचं असेल तर महिना ३५ किलो धान्य, माणसं दोन असोत की सात. प्राधान्य कुटुंबांच्या यादीत नाव असेल तर माणशी ५ किलो. कायद्याने कार्डावर कुटुंबप्रमुख घरातली सर्वांत मोठी बाई, म्हणजे आता ताईच. तो बदल आधी करा.

लाडकी बहीण सुचवायला कुणीतरी येईलच. दोन्हीकडचे पैसे मिळत नाहीत. गेल्या वर्षी त्याच्या केवायसीला नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागत होते. माझ्यासमोर एक बाई उभी होती, लग्न नाही, वडील १९९४ साली गेलेले. ती विचारत होती, "मेलेल्याचा आधार खयसून आणू?" पुढे मृत्यूच्या दाखल्यावर सोय झाली, पण तोपर्यंत ती तीन वेळा एसटीचं तिकीट काढून येऊन गेली होती.

माहेरवाशीण
मला "हिस्सा विकावा" इथेच ठेच लागली. सातबारावर नावं किती आहेत? आमच्याकडे एका गटावर ४१ आहेत, त्यातली निम्मी माणसं वारली. २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच. पण वारसनोंदीच्या वेळी "ताय, हयसर सही कर" म्हणून हक्कसोडपत्र पुढे करणारे घरचेच असतात. माझ्या आत्येकडून असंच घेतलं. रडली नाही, फक्त पेन परत देताना टोपण लावून दिलं.

चाकरमानी४८
मी ताईचा हिस्सा मागितलेला नाही. सातबारावर ३८ नावं आहेत, काकीची वारसनोंद अजून नाही. गेल्या वर्षी वारलेल्यांच्या जागी वारसांची नावं लावायची जिवंत सातबाराची मोहीम निघाली तेव्हा काकी हयात होती, त्यामुळे आमचं कुणाचं लक्षच गेलं नाही. मजुरीचे टोमणे मारणाऱ्यांना सांगतो, दादा वेचतो. स्वतःच्या बागेत वेचतो. दुसऱ्याकडे रोजावर जायला त्याला अवघड वाटतं, आणि ते मला कळतं.

रोखठोक
म्हणजे अभिमान परवडतो, तेल परवडत नाही. मी मत बदललेलं नाही.

पलीकडची वाडी
माडावरून पडलेला दादा आणि कार्तिकात गेलेली काकी, ओळखलं. नावं लिहीत नाही. भाऊ, एक विचारू? काकीच्या फोनचं सिम कुणाच्या नावावर?

चाकरमानी४८
माझ्या. मीच घेऊन दिलं होतं. का?

पलीकडची वाडी
आणि रिचार्ज कोण मारायचं?

ताई रोज संध्याकाळी तो फोन चार्जिंगला लावते. मी स्वतः बघितलंय, दिव्याशेजारी ठेवते. फोन यायचे थांबले तेव्हा तिने माझ्या आईला विचारलं, "आवस गेली म्हणान तेणी बंद केल्यानी काय?" आई काही बोलली नाही.

खळ्यातली मांजर
अरे देवा.

चाकरमानी४८
दोन तास काही लिहिता आलं नाही. काकीचं आहे म्हणून दर २८ दिवसांनी रिचार्ज मारायचो. ती गेल्यावर यादीतून काढून टाकला. दोन महिने मी त्यांना माणूसघाणे म्हणत होतो.

आत्ता मारला. तिसऱ्या रिंगला ताईने उचलला. म्हणाली, "माका वाटला तू रागावलंस." मग डोंबिवलीचा विषय काढला तर ऐकूच आलं नाही असं दाखवलं. काजू वाळवून ठेवलेत म्हणाली, न्यायला कधी येतोस ते विचारलं. आणि स्वयंपाकघरावरची कौलं परतायची आहेत, दादाला शिडीवर चढता येत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रजा टाकतोय. सेतूवरची, ओरोसला अपंगत्वाची तपासणी कुठल्या वारी असते?